निर्जन किनाऱ्याची साफसफाई

आधीच सांगून टाकते, नंतर कुणाचा हिरमोड नको. मराठवाड्याला समुद्र नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरातून खरा समुद्र गाठायचा तर घाट उतरून पार पलीकडं जावं लागतं. पण शहरातल्या फोटोवाल्यांना समुद्र हवा होता, आणि शनिवार-रविवारला एक रजा जोडली की उरकेल इतक्या जवळ हवा होता. म्हणून त्यांनी गंगापूरच्या पुढं, उन्हाळ्यात धरणाचं पाणी जिथं मागं सरकतं, त्या काठालाच समुद्र म्हणायचं ठरवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण फिरलं: ‘मराठवाड्याचा रांगडा सागरकिनारा. तीन दिवस पायी, कॅमेऱ्यासोबत. निर्जन. अस्पर्श.’

यातला शेवटचा शब्द आमच्या घरात कुणी कौतुकानं वापरत नाही. तिथंच मला शहाणपण सुचायला हवं होतं.

मी गेले, कारण मला फोटो हवे होते. मी पत्रकं लिहिते. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात, जिथं रिक्षासुद्धा आत शिरताना आरसे मिटून घेते, तिथल्या छापखान्यात ती छापते आणि चौकाचौकांत वाटते. त्या वेळी आमच्या संघटनेनं हाच काठ हाती घेतला होता. तिथं तंबूंचं पर्यटन केंद्र आणि बोटिंग करायचा प्रस्ताव आला होता आणि प्रस्तावात जागेचं वर्णन होतं: ‘निर्जन, खडकाळ व विनावापर किनारा.’ सोमवारी साहेब लोक पाहणीला येणार होते. पाहणीत काठ रिकामा आहे असं लिहिलं गेलं की पुढं हरकतींना कोण विचारतं? म्हणून मी जळजळीत पत्रक तयार केलं होतं. पक्षी, पाणी, प्लास्टिक, भांडवल, सगळं त्यात होतं. त्या काठावर मी स्वतः किती वेळा गेले होते म्हणाल, तर एकदाही नाही. पत्रक लिहायला जावं लागत नाही.

फोटोवाल्यांचे म्होरके पराग सर. पेशानं ते कसल्याशा कंपनीत मोठे आहेत, पण सर म्हणवून घेतात ते कॅमेऱ्यामुळं. त्यांनी माझ्याशी सौदा केला: पत्रकाला फोटो फुकट देतो, बदल्यात रविवारी सकाळी तुम्ही काठावर स्वच्छता मोहीम घ्या, पोस्टला चांगली दिसते. मी लगेच हो म्हटलं. गोण्यासुद्धा मीच घेतल्या.

शनिवार, गंगापूर ते मांडवे

गंगापूरला टेम्पोतून उतरलो तेव्हा आम्ही नऊ जण होतो आणि आमच्याकडं चौदा बॅगा होत्या. चौदापैकी एकीतही पाण्याची बाटली नव्हती, पण लेन्स पुसायचं पाणी होतं. स्टँडसमोरच्या टपरीवरच्या चहावाल्यानं आमचे ट्रायपॉड बघून विचारलं, ‘‘मोजणीवाले का?’’ पराग सरांना ते लागलं. ‘‘आम्ही लँडस्केप करतो,’’ असं ते म्हणाले. चहावाल्यानं मान डोलावली आणि मला हळूच विचारलं, ‘‘म्हंजी प्लॉटिंगच न्हवं?’’ त्या तीन दिवसांत आमच्याबद्दल इतकं अचूक कुणी बोललं नाही.

पुढं पायी. उसाचे पट्टे संपले, उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग संपले, वाट उतरायला लागली आणि अचानक समोर पाणी. मला त्या लोकांवर कितीही राग असला तरी खोटं लिहिणार नाही. दृश्य भारी होतं. पाणी मागं सरकतं तेव्हा पहिल्यांदा काळे दगड वर येतात, म्हशी बसल्यासारखे. त्यांच्या खाली तडकलेला गाळ, आणि प्रत्येक ढेकळाच्या कडा वर वळलेल्या. त्याच्या खाली पाण्यात अर्धवट बुडालेले बाभळीचे सांगाडे, आणि प्रत्येक सांगाड्यावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा. वारा इतका की खरंच लाटा फुटत होत्या, आवाज करत. मी पाच मिनिटं गप्प उभी राहिले. माझ्या ओळखीचे लोक सांगतील, हे क्वचित होतं.

मग पराग सर बोलायला लागले. त्यांचा पहिला धडा असा, की फ्रेममधून आधी माणूस काढा. माणूस आला की डोळा तिकडं जातो आणि निसर्ग मरतो. दुसरा धडा असा, की तार, पाइप, मोटर, प्लास्टिक, सगळं काढा. एक बाई म्हणाल्या, ‘‘सर, इतकं काढल्यावर उरतं काय?’’ सर म्हणाले, ‘‘शून्य. शून्य पकडता आलं पाहिजे.’’ सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्या ड्रोनला मात्र शून्य पकडता आलं नाही. ते वर गेलं तशा दोन घारी त्याच्यावर तुटून पडल्या आणि ते चिखलात येऊन रुतलं. घारींना मी मनातल्या मनात संघटनेचं सभासदत्व दिलं.

उतारावर हिरवा तुकडा दिसला. टरबुजाचे वेल, बाजूला पऱ्हाटीच्या काड्यांची खोपी, आणि खुरपं घेऊन बसलेली एक बाई. साठीच्या पुढची, लुगड्यावर पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं. पराग सरांनी कॅमेरा डोळ्याला लावूनच हाक मारली.

‘‘मावशी, पाच मिनिटं जरा बाजूला होता का? मध्ये येताय.’’

‘‘कशाच्या मधी यायले?’’

‘‘फोटोच्या.’’

‘‘मग येऊ दे की. मी काय पैसे मागायले का?’’

‘‘तसं नाही हो. आम्हाला मोकळा किनारा पाहिजे.’’

बाईनं खुरपं खाली ठेवलं. ‘‘पन्नास वर्सांमागं असंच म्हणले होते, बाजूला व्हा, पाणी यायलंय. झालो बाजूला. आता पाणी मागं सरलं, तर तू म्हणायलास बाजूला व्हा. बाबा, एक काय ते ठरवून या.’’

त्या सिंधूबाई. आमच्यातले एक वानखेडे गुरुजी, निवृत्त चित्रकला शिक्षक, ते तेवढे मोठ्यानं हसले. गुरुजींचा कॅमेरा जुना, आणि एकही फोटो न पुसायची त्यांना सवय. ‘‘मुलांची बिघडलेली चित्रंसुद्धा मी ठेवायचो,’’ असं ते म्हणत. पराग सर त्यांना हौशी म्हणत, आणि तो शब्द ते ज्या सुरात म्हणत, त्या सुरात माझी आई ‘नळाला पाणी नाही’ म्हणते.

सिंधूबाई मात्र बाजूला झाल्याच नाहीत. उलट एक टरबूज उचललं, बुक्की मारून फोडलं आणि आम्हाला वाटलं. पराग सरांनी आपल्या फाकेचे दहा मिनिटं फोटो काढले, माश्या बसेपर्यंत, आणि मग खाल्ली नाही.

मी त्यांच्याजवळ बसले. जुनं मांडवे पाण्याखाली गेलं, नवं वर टेकाडावर बसवलं, हे त्यांनी सांगितलं. पाणी उतरलं की मोकळ्या झालेल्या गाळात पीक घ्यायचं, पाणी चढलं की वर यायचं, अशी पन्नास वर्षं. याला गाळपेर म्हणतात. ‘‘ही वरची पट्टी टरबुजाची. खालची पट्टी आत्ता आत्ता निघालीया, चिखल जरा बसला की काकडी अन् मका टाकायचा. सोमवारी सायेब यायलेत न्हवं बघायला? त्यांना बी दावायचं.’’

मी मान डोलावली आणि विचारलं, ‘‘मावशी, इथं प्लास्टिक फार आहे का?’’

खालची पट्टी कुठली, तिच्यावर काय आहे, तुमची कुठली आणि शेजाऱ्याची कुठली, हे विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पत्रकात त्याला जागा नव्हती.

मुक्काम नव्या मांडव्यातल्या शाळेच्या ओसरीवर. सिंधूबाईंच्या घरून चिलापी माशाचं कालवण आलं, येसर मसाला घातलेलं, दाट, डोळ्यांतून पाणी काढणारं, आणि हातावर घेतली की तळवा झाकणारी ज्वारीची भाकर. तिघांनी बॅगेतून पाकिटातल्या पौष्टिक वड्या काढल्या. एक जण म्हणाला, मासा नक्की ताजा आहे ना? ज्या पाण्यातून तो मासा आला तेच पाणी आमच्या शहराच्या नळांना येतं, येईल तेव्हा. ते पिताना कुणी ताजं आहे का विचारत नाही. हंडे मांडतो आणि गप्प बसतो.

रविवार, पाण्याची कड

सकाळी ऊन चढायच्या आत मोहीम. मी दहा मिनिटं भाषण केलं. मला भाषण करायला दहा मिनिटंच लागतात, पण त्यात व्यवस्था बदलते. मग गोण्या घेऊन सगळे खाली.

पाण्याच्या कडेला ओल्या गाळाचा लांब पट्टा होता, उघडा, काळा, तुकतुकीत. त्यात बोटभर जाडीच्या काठ्या रोवलेल्या, वाकड्यातिकड्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला एक चिंधी. जांभळी, हिरवी, चौकड्याची, फुलाफुलांची. वाऱ्यावर फडफडत होत्या.

‘‘हेच ते,’’ पराग सर म्हणाले. ‘‘काल यानंच सगळी वाट लावली. पुराला वाहून आलेलं दिसतंय. ताई, हे निघेल का?’’

मी ताई. निघेल का, असं मला विचारायचं नसतं. मी चपला काढल्या आणि घुसले. पहिल्या पावलाला घोट्यापर्यंत, दहाव्याला मांडीपर्यंत. मागं सगळे दगडांवर उभं राहून फोटो काढत होते. मी एकेक काठी उपटत होते, चिंध्या गोणीत, काठ्या बगलेत, आणि तोंडानं घोषणा. पुराला वाहून आलेल्या काठ्या सरळ रेषेत, सारख्या अंतरावर कशा काय रुतल्या असतील, हा प्रश्न मला त्या तासाभरात एकदाही पडला नाही. दोन गोण्या भरल्या. एक चपलेचा जोड कुणाच्या तरी पायाखाली गाळात गेला, तो माझाच.

मग पराग सरांनी ट्रायपॉड लावला. समोर गाळ, दगड, पाणी, आभाळ. बाकी काही नाही. ‘‘शून्य,’’ ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, चिखलाच्या हातांनी. टेकाडावर चढून, रेंज मिळवून, त्यांनी तो फोटो लगेच टाकलाही.

ते परत खाली येतात तोच त्यांच्या मागं वरून दोन माणसं उतरताना दिसली. पुढं सिंधूबाई, मागं काठी टेकत एक म्हातारा, डोक्याला टोपी, खांद्यावर सुंभाच्या दोरीचं वेटोळं. ते कदीरचाचा. त्यांनी पट्टीकडं पाहिलं, मग गोण्यांकडं.

‘‘किसने निकाले ये?’’

कुणी काही बोलायच्या आत पराग सर म्हणाले, ‘‘ताईंनी. त्यांची मोहीम आहे.’’ शटर दाबायला त्यांना याहून जास्त वेळ लागतो.

सिंधूबाईनं गोणीत हात घातला, चिंध्या चाळल्या आणि एक जांभळी बाहेर काढली. ‘‘ही आमची. सासूच्या लुगड्याची. ही कदीरभाईच्या लुंगीची. ही फुलाची वरच्या आळीतल्या शांतीची.’’ मग माझ्याकडं पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘‘बाई, तू काय केलंस बघ. आख्खं गाव गोणीत भरलंस की.’’

‘‘मावशी, मला वाटलं कचरा...’’

‘‘तुला वाटलं. इचारायचं न्हाई व्हय? काल माझ्या शेजारी बसून टरबूज खाल्लंस, प्लास्टिक इचारलंस, हे इचारायला तोंड नव्हतं?’’

तेव्हा कुठं मला कळलं, आणि ते मी इथं नीट लिहिते, कारण माझ्या पत्रकात ते नव्हतं. पाणी उतरलं की आधी जुन्या मांडव्याच्या विहिरीचं दगडी कडं वर येतं. मग गावातल्या प्रत्येक घरातला एक माणूस खाली येतो. विहिरीच्या कड्यापासून दोरी धरतात. कदीरचाचांच्या बापाची दोरी, तिला हातहातभर अंतरावर गाठी. या दिशेला इतक्या दोऱ्या मोजल्या की सिंधूबाईचं बुडालेलं घर, त्या दिशेला तितक्या की मशिदीचा ओटा. ज्याचं घर जिथं बुडालं, तिथल्याच गाळात तो पेरतो. खूण म्हणून घरातल्याच कापडाची चिंधी, म्हणजे कुणाची कुठली ते लांबून कळावं. कागद, शिक्का काही नाही. एकदा सगळ्यांसमक्ष रोवली की ती काठी पुढच्या पाण्यापर्यंत कुणी हलवत नाही. पन्नास वर्षांत कुणी हलवली नव्हती. भाऊबंदकीत डोकी फुटली, पण काठीला हात लागला नाही. तो मी लावला, घोषणा देत.

आमच्या बोळात लोक मोटारसायकलची जागा धरायला मोडकी खुर्ची, फुटकी कुंडी, दगड ठेवतात. ते कचरा आहे असं म्हणायची माझी हिंमत झाली नसती. तिथं मला माहीत आहे की खुर्चीच्या मागं माणूस आहे. चिखलातल्या चिंधीच्या मागं माणूस असेल हे मला कॅमेरेवाल्यांसारखंच सुचलं नाही.

‘‘उद्या सायेब येतील,’’ सिंधूबाई म्हणाल्या, ‘‘अन् बघतील तर उघडा चिखल. लिहितील, कुणी न्हाई. मंग काय, तंबू ठोका अन् नाचा.’’

‘‘आत्ता लावू परत,’’ मी म्हटलं. ‘‘मी लावते.’’

‘‘तू नको लावू. तू दोरी धर,’’ कदीरचाचा म्हणाले. ‘‘हाथ लई चालतेत तुमचे. अब पकडके खडे रहो.’’

पराग सर आणि मंडळी पुढच्या ठिकाणी निघून गेली, तिथं संध्याकाळचा उजेड चांगला असतो म्हणे. गुरुजी तेवढे मागं राहिले. गावातून बारा-पंधरा माणसं उतरली. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत, फक्त येणारा प्रत्येक जण आधी गोणीत बघे आणि मग माझ्या पायांकडं, अनवाणी. एका बाईनं विचारलं, ‘‘हीच का ती?’’ दुसरी म्हणाली, ‘‘हीच. शिकलेली हाय म्हणं.’’

दिवसभर मी दोरीचं टोक विहिरीच्या कड्यावर दाबून बसले. तापलेला दगड, डोक्यावर सिंधूबाईंचं फडकं. चाचा पुढं जायचे, गाठी मोजायचे आणि मोजताना गाव सांगायचे: ‘‘ये गिरणी. ये पाराचं झाड. इथं रामभाऊचा गोठा, उसका बैल लई मारका था.’’ आम्हाला कुणालाच काही दिसत नव्हतं. चिखल दिसत होता. त्यांना भिंती दिसत होत्या, आणि त्या भिंती चुकवून ते चालत होते.

‘‘आणि बौद्धवाडा?’’ मी विचारलं.

चाचांनी पाण्याकडं हात केला. लांब, पाणकावळ्यांच्याही पलीकडं. ‘‘वो सबसे नीचे था, नदी के बाजू. अजून पाण्यातच हाय. त्यांची पट्टी शेवटाला निघती. कुठल्या साली निघती, कुठल्या साली न्हाई.’’

सगळ्यात आधी बुडाला आणि सगळ्यात शेवटी वर येतो. गावाच्या डोक्यावर एवढं पाणी उभं राहिलं, तरी कोण कुठं राहणार हे तसूभर हललं नाही. या काठावर कविता करायची असेल त्यांनी याच्यावर करावी.

सूर्य टेकला तेव्हा शेवटची काठी, जांभळ्या चिंधीची, सिंधूबाईनं स्वतः रोवली. मला म्हणाल्या, ‘‘सोड आता दोरी. हात सोलले का?’’ सोलले होते. ‘‘बरं झालं,’’ त्या म्हणाल्या आणि खोबरेल आणायला गेल्या.

सोमवार, पाहणी

साहेब आले तिघे. नावं लिहीत नाही. एक मोठे, एक फाईलवाले, एक मोबाईलवाले. परतीसाठी फिरून आलेली पराग सरांची मंडळीही आवराआवर करून तिथंच उभी होती. मोठ्या साहेबांनी पट्टीवर नजर टाकली, बुटाच्या टोकानं एका काठीच्या बुडाचा चिखल दाबला आणि हसले.

‘‘ओली माती. पावलं ताजी. कालच रोवल्यात ना ह्या?’’

‘‘परत रोवल्यात सायेब,’’ सिंधूबाई म्हणाल्या. ‘‘आधीपासून होत्या.’’

‘‘आजी, मी वीस वर्षं पाहणी करतोय. पाहणीच्या आदल्या दिवशी अशी शेतं सगळीकडं उगवतात.’’

मोबाईलवाल्यानं त्यांच्यापुढं फोन धरला. पराग सरांचा फोटो. दगड, गाळ, पाणी, आभाळ. खाली तारीख कालची, वेळ सकाळची, जागेचं नाव, आणि ओळ: ‘शून्याच्या काठावर. एकही मानवी खूण नाही.’

‘‘हा बघा,’’ साहेब म्हणाले. ‘‘कालचा. कुठं आहेत काठ्या? लिहा हो, विनावापर.’’

फाईलवाल्यानं पेनाचं टोपण काढलं.

‘‘सर, सांगा ना त्यांना,’’ मी पराग सरांकडं वळले. ‘‘काठ्या होत्या. तुम्ही सांगितलंत म्हणून काढल्या.’’

‘‘मी कलात्मक सूचना केली होती,’’ पराग सर म्हणाले. ‘‘आधीचे फोटो मी डिलीट केलेत. खराब होते.’’

तेव्हा मागून गुरुजी पुढं आले, गळ्यातला जुना कॅमेरा काढत. ‘‘माझे खराब फोटो आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘सगळे आहेत.’’

त्या छोट्या पडद्यावर सगळे वाकले. शनिवार संध्याकाळ: पट्टी, रांगेत चिंध्या, मागं सिंधूबाई खुरपं बाजूला ठेवून पराग सरांना काहीतरी सुनावताहेत. रविवार सकाळ: तीच पट्टी, तेच दगड, आणि मी. मांडीपर्यंत चिखलात, बगलेत काठ्यांचा भारा, दोन्ही हातांनी जांभळ्या चिंधीची काठी उपटताना, तोंड घोषणेसाठी उघडलेलं. पुढच्या फोटोत निम्म्या काठ्या. त्याच्या पुढच्यात एकही नाही.

 मोठ्या साहेबांनी पडद्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघितलं. ‘‘ह्या तुम्ही?’’

‘‘हो.’’

‘‘हरकत घेणाऱ्या संघटनेच्या तुम्हीच?’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे वहिवाटीच्या खुणा तुम्ही स्वतः काढल्या. असं लिहून देता? सहीनिशी?’’

मी बाजूला जाऊन आमच्या भाऊंना फोन लावला. भाऊ म्हणजे संघटनेचे ज्येष्ठ, मला पत्रक लिहायला त्यांनीच शिकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘सही करू नको. किनारा वाचवा म्हणणाऱ्या बाईनंच किनारा पुसला, असं ते गावभर करतील. आपलं हसं होईल. दुसरा मार्ग काढू.’’

‘‘दुसरा कुठला, भाऊ?’’

‘‘बघू नंतर.’’

मी वळून पाहिलं. फाईलवाल्याच्या पेनाचं टोपण अजून उघडंच होतं. सिंधूबाई जांभळ्या चिंधीच्या काठीशेजारी उभ्या होत्या, हात कमरेवर, बाजूला न होता. आमचं हसं व्हायचं ते होणारच होतं, आणि खरं सांगायचं तर ते व्हायलाच पाहिजे होतं. मी फोन बंद केला.

लिहायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. विशेषण एकही नव्हतं. अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक पट्टीतल्या काठ्या मी कुणाला न विचारता उपटल्या, त्या आधीपासून होत्या, सोबत फोटो. सही. गुरुजींनी साक्षीदार म्हणून सही केली, शिक्षकाची, सुवाच्य. कदीरचाचांनी अंगठा दिला आणि विचारलं, ‘‘दोरी का भी फोटो लगेगा क्या?’’ साहेब पहिल्यांदा नीट हसले आणि म्हणाले, लावा.

टिपणात काय आलं ते मी फाईलवाल्याच्या खांद्यावरून वाचलं. ‘निर्जन’ आणि ‘विनावापर’ या शब्दांवर काट आली, आणि खाली लिहिलं गेलं: काठावर गाळपेर वहिवाटीच्या खुणा आढळल्या, त्या आदल्या दिवशी काढून टाकल्याचे संबंधित महिलेने कबूल केले. संबंधित महिला मी. प्रस्ताव अजून रद्द झालेला नाही, सुनावणी व्हायची आहे. पण ती आता रिकाम्या जागेची होणार नाही, माणसांच्या जागेची होईल.

परतीच्या टेम्पोत सगळे फोनमध्ये डोकं घालून बसले होते. पराग सरांच्या फोटोला तोवर खूप लोकांनी बदाम दिले होते. बहुतेकांनी लिहिलं होतं, एकदा जायलाच पाहिजे.

औरंगपुरा

भाऊंनी पत्रक थांबवा म्हणून सांगितलं. मी नवं लिहिलं, अर्ध्या पानाचं, आणि गुरुजींचा फोटो घेऊन बोळात गेले. छापखानेवाल्यांनी तो उजेडात धरला.

‘‘ताई, दुसरा नाही का? यात तुम्ही चोरासारख्या दिसताय.’’

‘‘हाच छापा. मोठा.’’

‘‘खाली काय टाकू?’’

मी सांगितलं, त्यांनी टाकलं: ‘हा किनारा निर्जन आहे असं म्हणतात. तो निर्जन करणारी बाई फोटोत आहे.’

गठ्ठा गंगापूरच्या एसटीनं पाठवला. चार दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. सिंधूबाई, शेजारणीच्या मोबाईलवरून, मोबाईल म्हणजे कर्णा असल्यासारख्या ओरडत.

‘‘तुझं तोंड काई ओळखू यीना बघ फोटूत. पण माझी चिंधी साफ आलीया.’’

‘‘दिसते ना नीट?’’

‘‘लई नीट. खालच्या पट्टीत काकडी टाकलीया, उगवलीया. ये खायला.’’

‘‘येते मावशी.’’

‘‘ये. अन् हे बघ,’’ त्या म्हणाल्या, ‘‘येताना रिकाम्या हातानं ये. गोणी आणू नको.’’